कलाशिक्षिकेची 6 लाखांची एफडी आणि 14 जून

प्रश्न : मी 29 वर्षांची, वडोदऱ्यात दांडिया बाजारात आईवडिलांसोबत राहते. कलाशिक्षणाची पदवी घेऊन खासगी शाळेत चित्रकला शिकवते. पगार 24,000, त्यात मूळ वेतन 18,000. घरी 8,000 देते. येत्या 14 जूनला नोकरीला पाच वर्षं होतील, पण वर्गावर मन रमत नाही. मुलांच्या चित्रकला क्लासची फ्रँचायझी मिळते आहे : 5 लाख भरायचे आणि दरमहा फीचे 20 टक्के कंपनीला. डिसेंबरअखेर सही करून लगेच क्लास सुरू केला तर 50,000 सूट. दुसरा विचार म्युझिऑलॉजीत, म्हणजे संग्रहालयशास्त्रात, एम.ए. करण्याचा. 6 लाखांची एफडी मोडू का?

उत्तर : ताई, फ्रँचायझीसाठी मोडू नका. शिकण्यासाठी थोडी थोडी मोडलीत तर माझी हरकत नाही. मात्र 14 जूनच्या आत नोकरी सोडू नका.

तुम्ही पाठवलेले आकडे मांडून पाहिले. जागेचं भाडं 14,000, मदतनीस 8,000, वीज आणि साहित्य 5,000, म्हणजे महिना 27,000. एका मुलाची फी 1,200. त्यातून कंपनीचा वाटा गेला की हातात 960. नुसता खर्च निघायला 29 मुलं लागतात, आणि आजच्याइतके 24,000 घरी न्यायचे तर 54. तेही बारा महिने. मार्चमध्ये परीक्षा आणि मेमध्ये गावाला गेलेली मुलं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भाडं मात्र मेमध्येही द्यावंच लागतं. भरलेले 5 लाख परत मिळण्याची गोष्ट तर यात अजून आलेलीच नाही.

आता त्या 50,000 च्या सवलतीकडे बघा. नोकरीला पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना शाळेने द्यायच्या एकरकमी पैशांचा, हक्क येतो : मूळ वेतन गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. तुमच्या बाबतीत 51,923 रुपये. डिसेंबरची सूट घ्यायला नोकरी सोडलीत, तर तेवढेच पैसे दुसऱ्या हाताने घालवाल. ‘शिक्षकांना ग्रॅच्युइटी नसते’ असं ऑफिसात कुणी म्हणालं तर ऐकू नका. 2009 च्या दुरुस्तीने शिक्षक ग्रॅच्युइटीच्या कायद्यात आले, तेही 3 एप्रिल 1997 पासून, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. सत्र संपलं म्हणून एप्रिलमध्येच राजीनामा मागतील. नोटिशीचा काळ धरून शेवटचा दिवस 14 जूनच्या पुढचाच लिहा. पीएफला हात लावू नका.

म्युझिऑलॉजीबद्दल मला मनापासून बोलायचंय. तुमच्याच गावात, एम.एस. युनिव्हर्सिटीत, हा विभाग 1952 पासून आहे. बाहेरगावची मुलं त्यासाठी इथे खोली घेऊन राहतात, तुम्ही घरून जाल. गेल्या महिन्यात पुतणीला घेऊन तांबेकर वाड्यात गेलो होतो. एका शाळेची सहल आली होती. भिंतीवरच्या महाभारतातल्या चित्रापुढे एक मुलगा थबकला आणि ‘हा रंग कशाचा?’ म्हणाला. सोबतच्या बाई म्हणाल्या, ‘हात लावू नकोस, पुढे चल.’ ते उत्तर तुम्ही दिलं असतं. संग्रहालयातलं शिक्षणाचं काम, मांडणी, चित्रांचं जतन, मुलांच्या पुस्तकांची चित्रं, या सगळ्याला चित्र कळणारा आणि मूल कळणारा माणूस लागतो. तुमच्यात दोन्ही आहे.

मात्र खर्च नीट धरा. फी आणि पात्रता विभागात जाऊन विचारा. फीपेक्षा मोठा आकडा आहे बुडणाऱ्या पगाराचा : 24 महिन्यांचे 5,76,000. घरचे 8,000 आणि तुमचे वरखर्चाचे 4,000 धरले तरी दोन वर्षांना 2,88,000 लागतील. शैक्षणिक कर्ज घेऊन कर वाचेल असं कुणी सांगेल. तुमच्या पगारावर करच बसत नाही, मग वाचणार काय?

म्हणून हातातल्या महिन्यांत एक करून बघा. शाळेची परवानगी काढा आणि रविवारी दहा मुलांची एक बॅच घ्या. कधी घरच्या ओसरीवर, कधी कमाटीबागेतल्या बडोदा संग्रहालयात. मुलं तिथे ममी आणि देवमाशाचा सांगाडा बघून पळतात. तुम्ही त्यांना एका चित्रापुढे वीस मिनिटं बसवा. महिना 1,000 फी धरली तर 10,000 येतील. कंपनीचा वाटा नाही, भाडं नाही. ही बॅच सलग सहा महिने टिकली, तर शिकतानाच्या 12,000 मधले 2,000 आणि फी एवढंच एफडीतून जाईल.

एफडीचे दीड लाख आजच वेगळे काढा. ते आजारपण आणि अडीनडीचे, बाकी कशाचे नाहीत. उरलेल्याच्या एकरकमी पावतीऐवजी लाख-लाखाच्या पावत्या करा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. जूनपर्यंत बॅच सहा मुलांच्या वर गेली नाही, तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकला आणि शाळा चालू ठेवा. मार्चमध्ये मुलांची संख्या मला नक्की कळवा.