परमनंट मार्करचा डाग: आधी शाई कोणती ते बघा

प्रश्न: ताई, माझ्या सहा वर्षांच्या मुलाने परमनंट मार्करने घरच्या व्हाइटबोर्डवर पाढे लिहिले, मग युनिफॉर्मच्या शर्टावर आणि हॉलच्या भिंतीवरही रेघोट्या मारल्या. साबण, लिंबू, टूथपेस्ट सगळं करून झालं, ढिम्म फरक नाही. हे आता कायमचंच का? आणि मतदानाला बोटाला लावतात ती शाईपण हीच असते का? – एक वाचक, सांगली

उत्तर: बोर्ड आणि शर्टाची काळजी करू नका, भिंतीला जरा वेळ लागेल. पण आधी ते घासणं थांबवा. परमनंट म्हणजे एवढंच की पाण्याने जात नाही. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे बहुतेक मार्कर अल्कोहोलवाले असतात, त्यात रंग आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन विरघळवलेलं असतं, लिहिलं की अल्कोहोल उडून जातं आणि रेझिन रंगासकट चिकटून बसतं, म्हणून साबण हरतो पण परत अल्कोहोल लागलं की तीच शाई सुटायला लागते. मतदानाची शाई पूर्ण वेगळी. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीवरच्या मिठाशी मिळून उजेडात काळं पडतं आणि नखं-कातडी वाढून जाईपर्यंत राहतं. 1962 च्या निवडणुकीपासून आपल्याकडे ती वापरतात, म्हैसूरला बनते.

बोर्डाचं सगळ्यात सोपं. त्याच अक्षरांवरून साधा व्हाइटबोर्ड मार्कर फिरवा आणि ओलं असतानाच पुसा, दोन्ही एकदम निघतात. राहिलंच थोडं तर कापसावर मेडिकलमधलं स्पिरिट घ्या, तेही अल्कोहोलच.

शर्टाला घाई नको. डागाखाली जुनं फडकं ठेवा, कापड उलटं करून मागून स्पिरिटने टिपत राहा, घासू नका नाहीतर डाग पसरतो, फडक्याची जागा बदलत राहा कारण शाई खाली त्यातच उतरते. मग गार पाण्याने धुवा, आणि डाग पूर्ण जाईपर्यंत गरम पाणी नाही, इस्त्री तर अजिबातच नाही. गॅस चालू असताना हे करू नका, खिडकी उघडी ठेवा, आणि कृपा करून त्यावर ब्लीच ओतू नका, स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोनमध्ये ब्लीच मिसळलं की विषारी गोष्टी तयार होतात.

नेलपॉलिश रिमूव्हर बरेच जण सुचवतात. अ‍ॅसिटोनवालं रिमूव्हर काचेवर, स्टीलच्या डब्यावर ठीक, पण प्लॅस्टिक आणि पॉलिशचं फर्निचर त्याने कायमचं खराब होतं. मार्करवर पेंट मार्कर किंवा ऑइल बेस असं लिहिलं असेल तर ती शाई नव्हे, ऑइलपेंटच समजा, त्याला स्पिरिट फारसं पुरत नाही, टर्पेंटाइन लागतं. मुलाच्या हाताला यातलं काहीही लावू नका, खोबरेल तेल चोळून साबणाने धुवा, उरलेलं चार दिवसांत आपोआप जातं.

भिंत मात्र अवघड. भिंतीला डिस्टेंपर, म्हणजे खडूसारखा साधा रंग असेल तर तो शाई पिऊन टाकतो आणि स्पिरिटने पुसलं तर भिंतीचा रंगही सोबत निघतो. धुता येईल असा इमल्शन रंग असेल तर आधी कोपऱ्यात स्पिरिट लावून बघा. नाहीतर सरळ रंगवा, पण नुसता रंग मारू नका, मार्करची शाई नव्या कोटातूनही वर झिरपते, त्यामुळे आधी डाग दाबणारा प्रायमर लावून वाळू द्या आणि मगच रंग द्या.