५०४० ला साठ विभाजक आहेत, एवढंच तिचं वैशिष्ट्य आहे का?

नाही. साठ विभाजक ही सुरुवात आहे, पण पुढचं सगळं त्यातूनच निघतं, म्हणून आधी ते बघू.

५०४० चे मूळ अवयव पाडले की २×२×२×२×३×३×५×७ मिळतात. विभाजक तयार करताना २ चा घातांक ० ते ४ पैकी कोणताही चालतो, म्हणजे पाच पर्याय. ३ साठी तीन, ५ आणि ७ साठी दोन-दोन. ५×३×२×२ = ६०. याहून लहान कुठल्याही संख्येला साठ विभाजक नाहीत. तिच्या निम्म्या २५२० ला १ ते १० पर्यंत सगळ्यांनी भाग जातो, तरी विभाजक ४८च. एक जादा २ आला आणि बारा वाढले.

प्लेटोला ही संख्या इतकी पटली होती की आदर्श नगरात जमीनधारक ५०४० असावेत असं त्याने सुचवलं. वाटण्या कशाही करा, बाकी क्वचितच उरते. ११ ने भाग जात नाही, पण त्याचाही तोडगा त्याच्याकडे होता: दोन कमी करा, ५०३८ ला ११ ने नि:शेष भाग जातो.

५०४० म्हणजे १ ते ७ चा गुणाकार, आणि ७×८×९×१० सुद्धा. तिच्यात १ मिळवला की ७१ चा वर्ग. हे झालं चटकन सांगण्यासारखं.

मला तिचं खरं मोल वाटतं ते विभाजकांच्या बेरजेत. साठही विभाजकांची बेरीज येते १९,३४४. आता दुसरीकडे ५०४० चा नैसर्गिक लॉग घ्या, त्या उत्तराचा पुन्हा लॉग घ्या, त्याला ५०४० ने आणि मग १.७८१०७ ने गुणा (हा आकडा ऑयलरच्या स्थिरांकावरून येतो). उत्तर सुमारे १९,२३७. म्हणजे बेरीज या मर्यादेच्या वर गेली. हेच १०,०८० साठी करून बघा: बेरीज ३९,३१२, मर्यादा सुमारे ३९,८७७. बेरीज खाली राहिली. ही मर्यादा ओलांडणाऱ्या २ पासूनच्या फक्त २७ संख्या माहीत आहेत आणि त्यांतली सर्वांत मोठी ५०४०.

१९८४ साली फ्रेंच गणिती गी रोबँ यांनी सिद्ध केलं की ५०४० च्या पुढची एकही संख्या ही मर्यादा गाठत नसेल, तर रीमान हायपोथेसिस खरी. आणि ती खरी असेल, तर अशी संख्या सापडणारच नाही. रीमानने १८५९ साली मांडलेला, मूळ संख्यांच्या वाटणीशी निगडित असलेला हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्याचं सार शाळेतल्या विभाजकांच्या बेरजेत उतरतं आणि त्यात सीमारेषा म्हणून ५०४० उभी असते, हे मला आजही थक्क करतं.

रामानुजन यांनी भरपूर विभाजक असलेल्या संख्यांवर १९१५ साली मोठा निबंध प्रसिद्ध केला. रीमान हायपोथेसिस खरी मानली तर पुरेशा मोठ्या संख्यांसाठी ही मर्यादा पाळली जाते, हे त्यांना तेव्हाच मिळालं होतं, पण तो भाग निबंधात छापलाच गेला नाही. तो १९९७ मध्ये टिपांसह प्रसिद्ध झाला आणि टिपा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होते रोबँ.