आयरिश शेतकरी पूर्वजाचं मूळ गाव

प्रश्न : १८५०च्या सुमारास आयर्लंडहून आयोवात येऊन शेती करणाऱ्या पूर्वजाचं मूळ गाव कसं शोधावं? अमेरिकी जनगणनेत नुसतं ‘आयर्लंड’ लिहिलंय.

उत्तर : थेट आयर्लंडच्या दप्तरांत उडी घेऊ नका. एकाच नावाचे ढीगभर लोक सापडतात आणि इथेच बहुतेकांची वाट चुकते. आधी अमेरिकेतलं दप्तर संपवा. वसाहतीसाठी सरकारी जमीन देणाऱ्या १८६२च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर घेतले असतील, तर राष्ट्रीय अभिलेखागारातली जमिनीची पूर्ण फाइल मागवा. परदेशी जन्माच्या अर्जदाराची नागरिकत्वाची कागदपत्रं तिच्यात असतात. १९०६पूर्वीच्या अशा कागदांत अनेकदा फक्त देशच असतो. म्हणून चर्चची लग्ननोंद, थडग्यावरचा मजकूर, मृत्युलेखही पाहा. भावंडांचेसुद्धा! परगणा आणि पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून पडलेला छोटा विभाग) हाती लागायलाच हवं.

मग ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’ (१८४७–६४), म्हणजे आयर्लंडभरच्या जमीन-घरांच्या करआकारणीची यादी. एका ओळीत जमीन धारण करणाऱ्या कुळाचं नाव, जमीनमालक, क्षेत्र एकर आणि त्याहून लहान रूड-पर्च या मापांत आणि आकारणी. एकाच टाउनलँडमध्ये (पॅरिशमधला सर्वांत लहान जमीन-विभाग) एका नावाचे दोघे असले, तर ओळखीसाठी कंसात बापाचं नाव किंवा केसांचा रंगही आढळतो. ही खूण फार मोलाची. पूर्वज त्याआधीच निघून गेला असेल तर त्याच्या बापाचं, भावाचं नाव शोधा; शिवाय टायद अप्लॉटमेंट वह्या (चर्चला द्यायच्या शेतकराच्या नोंदी, १८२३–३७) चाळा. आडनावाच्या सुरुवातीचा ‘ओ’ गळलेला (ओब्रायनचं ब्रायन) धरूनही शोधा.

१८२१–५१च्या बहुतेक जनगणना १९२२च्या डब्लिनमधल्या आगीत गेल्या. त्यांच्यामागे वेळ घालवू नका.