इंदूरमध्ये राहून आरोग्य-पत्रकार होता येईल का, की नुसत्या हेल्थ टिप्सच लिहाव्या लागतात?

बीएस्सी झालंय, इंदूर सोडायचं नाही आणि आयुष्यभर 'अळशीचे दहा फायदे' लिहायचे नाहीत, असं तुम्ही म्हणताय. पहिल्या दोन्ही गोष्टी जमतील. अळशी काही लगेच सुटणार नाही.

मी १९ वर्षं हेच काम करतेय. घरी मराठी, पेपर हिंदी. पहिला पगार ६,००० रुपये, आणि पहिली दोन वर्षं अळशी, गिलोय नि कोमट पाणी यांच्यापलीकडे माझी मजल गेली नाही. (अळशी म्हणजे जवस, गिलोय म्हणजे गुळवेल. आमच्या इंदुरी मराठीत हिंदी अशीच न विचारता घुसते, सांभाळून घ्या.) त्या पानाला जाहिराती मिळतात, म्हणून ते चालतं. एकदा वर मधुमेहावरचा माझा लेख आणि बरोबर त्याच्याखाली 'मधुमेह मुळापासून बरा' करणाऱ्या चूर्णाची जाहिरात. अशा दाव्याच्या जाहिरातीला १९५४ पासून कायद्याने बंदी आहे. मी तणतणत गेले. जाहिरात विभागातल्या साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "तुझा लेखपण तर छापलाय ना?"

सकाळी आठला एम.वाय.च्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, ओपीडीत जाऊन उभी राहायला लागले, तेव्हा कुठे काम कळायला लागलं. झाबुआ, अलीराजपूर, खरगोनहून रात्रीच निघालेले लोक असतात. बोली भिली नाहीतर निमाडी. डॉक्टरला सांगायला बऱ्याच जणांकडे एकच हिंदी शब्द असतो, 'घबराहट'. छातीतल्या कळेपासून पोरगी घरातून निघून गेल्याच्या काळजीपर्यंत त्यात सगळं मावतं. पहिला तासभर वही काढू नका. बाईच्या हातातली पिशवी बघा. एक्स-रे आणि जुन्या चिठ्ठ्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेल्या असतील, तर दुखणं जुनं आहे आणि सांगण्यासारखंही बरंच आहे.

बीएस्सीचा उपयोग आकडे वाचताना होतो. २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल (जनतेला आरोग्याचा सल्ला देणारे सरकारी डॉक्टर) विवेक मूर्ती यांनी एकटेपणावर अहवाल काढला आणि सगळीकडे एकच मथळा झळकला: एकटेपणा म्हणजे रोजच्या १५ सिगारेटी. त्यामागे मानसशास्त्रज्ञ जुलियन होल्ट-लुनस्टॅड यांचं बरंच आधीचं काम आहे. २०१० मध्ये त्यांनी १४८ अभ्यास, म्हणजे तीन लाखांवर माणसं, एकत्र तपासली. ज्यांची नाती घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्के जास्त निघाली. पण यातले अभ्यास माणसांवर नुसतं लक्ष ठेवून केलेले होते. आजारी माणूस आपोआपही एकटा पडतो, हे उलटं कारण पुरतं वजा करणं अवघड असतं. एवढं एक वाक्य मी लेखात घातलं, तर संपादकांनी जागेअभावी तेच कापलं. सुदामानगरातल्या एका काकांचा मात्र दुसऱ्या दिवशी फोन आला. दोन्ही मुलं बाहेर. लेखातली शुद्धलेखनाची चूक दाखवायला केलेला फोन पाऊण तास चालला. चूक एकच होती.

आता माझी चूक सांगते, ती मात्र शुद्धलेखनाची नव्हती. टीबीच्या रुग्णांना पोषणासाठी महिना ५०० रुपये थेट खात्यात देणारी योजना २०१८ मध्ये आली (आता १,००० मिळतात). पैसे खरंच पोचतात का, हे बघायला मी इंदूरजवळच्या एका गावात गेले. एक टेलरमास्तर भेटले. सहा महिन्यांच्या औषधांतला चौथा महिना चालू होता, खोकला थांबला होता, तब्येत भरत होती. मोकळेपणी बोलले. मी नाव बदललं, तसं कंसात लिहिलंही, आणि बातमीत रंग यावा म्हणून 'बसस्टँडसमोर, पिंपळाखालचं शिलाईचं दुकान' असं झोकात वर्णन केलं. बातमी गाजली. मला शाबासकी मिळाली.

महिनाभराने पुन्हा गेले, तर मशीनवर कापड टाकलेलं. लग्नसराई असून हाताला काम नव्हतं. टीबी हवेतून पसरतो, कपड्यांतून नाही, आणि औषधं नीट लागू पडली की साधारण काही आठवड्यांत रुग्णापासून लागण होण्याचा धोका फार कमी होतो. हे सगळं मला माहीत होतं, माझ्या बातमीत एका ओळीनेही नव्हतं. मास्तर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दीदी, नाम तो आपने बदल दिया, दुकान वही रहने दी."

दुरुस्ती छापून काय होणार होतं? उलट दुकान पुन्हा चर्चेत आलं असतं. मग त्यांचं नाव-गाव काही न आणता 'टीबी कपड्यांतून पसरत नाही' एवढ्यावरच अर्धं पान लिहिलं. तेव्हापासून बातमी देण्याआधी ती ज्याची आहे त्याला फोनवर वाचून दाखवते. ऑफिसात यावरून चेष्टा होते, डेडलाइन दोनदा हुकलीही आहे. बऱ्याचदा लोक एखादाच शब्द काढायला लावतात. तो कुठला असेल, हे आपल्याला कधीच आधी ओळखता येत नाही.

मास्तरांचा कोर्स पूर्ण झाला, दुकान हळूहळू सावरलं. गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडून दोन ब्लाउज शिवून घेतले. बाह्या जरा घट्ट झाल्यात.