भावनिक बुद्धिमत्ता कमी असेल तर चांगला शिक्षक होता येतं का?

तुम्ही विचारलंय, अध्यापक प्रशिक्षणात भावनिक बुद्धिमत्तेच्या चाचणीत गुण कमी पडले, सहाध्यायांच्या घोळक्यात मिसळता येत नाही, मग या पेशात निभाव लागेल का?

लागेल. ती चाचणी आधी बाजूला ठेवा. ‘मला इतरांच्या भावना कळतात’ अशा विधानांपुढे खुणा करायच्या असतील, तर तिच्यात तुमचं स्वतःबद्दलचं मतच मोजलं जातं, आणि संकोची माणूस स्वतःला गुण देताना हात आखडता घेतो. मानसशास्त्रज्ञ पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली ती भावना ओळखणं, सावरणं आणि विचारासाठी वापरणं अशी. घोळक्यात रमणं त्यात नव्हतं. (गटचर्चेत सगळ्यांत जास्त बोलणारे वर्गात मुलांना बोलूच देत नाहीत, हा माझा जुना आकस.)

माझ्या एका सराव पाठात मी फळ्यावर लिहीत असताना मागे हशा पिकला. कान तापले, वळले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला झापलं. तिचा काहीच संबंध नव्हता. मागे निरीक्षणाला बसलेल्या सहाध्यायिनीने नंतर वही पुढे केली: ‘बराच वेळ फळ्याकडे तोंड. डाव्या रांगेकडे एकदाही पाहिलं नाहीस.’ तिच्याशी बोलता बोलता लक्षात आलं, राग मुलांचा नव्हताच. टाचणातला पुढचा मुद्दा आठवत नव्हता, त्याची भीती होती ती. तोवर आमचं बोलणं हजेरीपुरतंच. मग एकमेकींच्या पाठांना बसायला लागलो, आणि माझ्यापुरतं ‘मिसळणं’ तेवढंच होतं. पुरलं.

विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात, याची मांडणी शिक्षणाचे अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये केली. अभ्यासात रुजण्याबरोबर माणसांत रुजणंही त्यांनी महत्त्वाचं मानलं. पण त्यासाठी सगळ्यांशी गट्टी लागत नाही, एखाद्या छोट्या गटात जागा मिळाली तरी भागतं.

म्हणून एकालाच गाठा. ‘माझ्या पाठाला मागे बस आणि प्रश्न विचारल्यावर मी किती थांबतो तेवढंच बघ’ असं सांगा. वर्गातल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास करणाऱ्या मेरी बड रो यांना आढळलं होतं की शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात. ते ३ सेकंद फार जड जातात, सगळा वर्ग आपल्याकडे बघत असतो. अबोल माणसाला ती शांतता इतरांपेक्षा बरी सोसते, असं मी तरी पाहिलंय.