ईईजीत दोष निघाला, पण ती फिट होती का?

प्रश्न : मी ४७ वर्षांची, शाळेत शिक्षिका. श्रावणी सोमवारी निर्जळी उपास होता आणि देवळाच्या रांगेत दोन तास उभी होते. घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कोसळले. हात चार-पाचदा झटकले म्हणून एका बाईंनी कांदा हुंगवला. अर्ध्या मिनिटात शुद्ध आली, सगळ्यांना नावानिशी ओळखलं. ईईजीत (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखात) ‘डाव्या कानशिलाजवळ टोकदार लहरी’ निघाल्या आणि फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. वर्गात गुंगी येते. गोळ्या जन्मभर का?

उत्तर : ताई, ईईजीच्या पट्टीचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. मला त्यात दिसतात त्या ओळीने उभ्या कमानी, सेकंदाला सात-आठ, देवघराच्या महिरपीसारख्या. मागोमाग संथ लाट नाही, आजूबाजूची लय मोडलेली नाही. आणि तंत्रज्ञाने शेजारी लिहिलंय, ‘पेंग’. या बहुधा ‘विकेट’ नावाच्या, कमानीसारख्या निरुपद्रवी लहरी आहेत. तिशी ओलांडलेल्या धडधाकट माणसांतही डोळा लागताना त्या दिसतात. १९७७ साली रायहर आणि लेबेल या संशोधकांनी त्यांचं वर्णन केलं, तरी आजही फसगत होते. कारण त्यातली एखादी एकटीच उंच उठली की हुबेहूब अपस्माराची, म्हणजे फिटच्या आजाराची वाटते. मग पट्टीवर इतरत्र तशाच कमानींची रांग आहे का, हे शोधावं लागतं. ते न करता माणसाला गोळ्या सुरू होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्ही सांगता तो प्रसंग मला साध्या भोवळीचा वाटतो. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडलं की भोवळीतही हात झटकतात. मोठ्या फिटनंतर मात्र माणूस बराच वेळ भांबावलेला असतो, जीभ कडेला चावलेली असते.

पण फोटोवरून निकाल देता येत नाही. गोळ्या मनाने बंद करू नका. एकदम सोडल्या तर खरीच फिट येऊ शकते. उलगडा होईपर्यंत स्कूटीही नको. ईईजीची संपूर्ण नोंद सीडीवर मागून घ्या आणि अपस्मारात काम करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. ईसीजी (हृदयाचा आलेख) आणि आडवं-उभं करून घेतलेला रक्तदाब तुमच्या कागदांत नाही, ते दोन्ही आधी करा. जाताना त्या कांदा हुंगवणाऱ्या बाईंना बरोबर न्या. तुमचा चेहरा आधी पांढरा पडला का, हात किती वेळ झटकत होते, हे त्यांनीच पाहिलंय.