क्रोम २००८ मध्ये नवा आला तेव्हा कुणी वापरला होता का? वेगामुळे खरंच इतका वेगळा वाटला होता?

हो, मी वापरला होता, आला त्याच आठवड्यात. आणि हो, वेगळा वाटला होता. मात्र तुम्ही प्रश्नात धरून चालला आहात की तो वेगामुळे वेगळा वाटला असणार. वेग होताच, पण मला हलवून सोडलं ते दुसऱ्याच गोष्टीनं: एक टॅब मेला तरी बाकीचे जिवंत राहत होते.

हे आज सांगून पटणार नाही, म्हणून तेव्हाची स्थिती सांगतो. मी पुण्यात वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात होतो. विंडोज एक्सपी, ५१२ एमबी रॅम, २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड. गिऱ्हाइकांसाठी इंटरनेट एक्स्प्लोरर ६ मध्ये तपासणी करायची आणि स्वतःसाठी फायरफॉक्स उघडायचा. फायरफॉक्स ३ त्याच वर्षी जूनमध्ये आला होता, एका दिवसात ८० लाखांवर डाउनलोडचा विश्वविक्रम करून. आमचं त्याच्यावर मनापासून प्रेम होतं. पण कुठल्यातरी पानावरची फ्लॅशची (तेव्हाच्या हलत्या चित्रांच्या तंत्राची) जाहिरात अडकली की सगळी खिडकी पांढरी पडायची आणि शेजारच्या टॅबमध्ये तासभर टाइप केलेला मराठी मजकूरही तिच्याबरोबर जायचा. असं होणारच, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

१ सप्टेंबरला नेटवर एक कॉमिक फिरू लागलं. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी काढलेलं, ३८ पानांचं. गूगलचे इंजिनिअर त्यात एकेक करून येतात आणि ब्राउझर आतून कसा चालतो ते चित्रांतून समजावतात. ते ठरल्या वेळेआधीच बाहेर फुटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी, २ सप्टेंबरला, बीटा म्हणजे चाचणीची आवृत्ती आली. फक्त विंडोजसाठी. ते कॉमिक अजूनही मिळालं तर जरूर वाचा. प्रोसेस, म्हणजे संगणकावर स्वतंत्रपणे चालणारं काम, हे काय असतं ते मला कॉलेजच्या पुस्तकापेक्षा त्यात जास्त नीट कळलं.

मुद्दा असा होता: प्रत्येक टॅब ही संगणकाच्या दृष्टीनं वेगळी प्रोसेस. चाळीत प्रत्येक खोलीला स्वतंत्र मीटर असावा तसं, एकाचा फ्यूज उडाला तर शेजारी अंधार होत नाही. मी मुद्दाम जावास्क्रिप्टचं न संपणारं लूप लिहून एक पान अडकवलं आणि दुसऱ्या टॅबवर गेलो. तो मजेत चालू! शिफ्ट आणि एस्केप दाबल्यावर ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडला, त्यात कुठलं पान किती मेमरी खातंय ते दिसत होतं. अडकलेलं पान तिथून मारलं, बाकी कशालाही धक्का नाही. ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावून मी ते दाखवलं. मायक्रोसॉफ्टही इंटरनेट एक्स्प्लोरर ८ च्या बीटामध्ये याच दिशेनं चालली होती, पण इतकं स्वच्छ, हाताला लागेल असं मी तोवर पाहिलं नव्हतं.

गंमत म्हणजे याच पहिल्या आवृत्तीत एक जबरदस्त बगही सापडला. पत्त्याच्या खोक्यात काही अक्षरं, मग विसर्गासारखे दोन टिंब आणि टक्क्याचं चिन्ह टाकलं, की सगळे टॅब एकदम कोसळायचे. कारण टॅब वेगळे असले तरी तो पत्ता वाचणारा मुख्य भाग एकच होता. थोड्याच दिवसांत ते दुरुस्त झालं.

दिसायला तो विलक्षण मोकळा होता. मेनूबार नाही, टॅब थेट वरच्या काठाला, पत्ता आणि सर्च दोन्हींसाठी एकच खोकं. नवा टॅब उघडला की जास्त पाहिलेल्या नऊ पानांची छोटी चित्रं. आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही: इन्स्टॉल करायला ॲडमिनचा पासवर्ड लागत नव्हता. तो वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसायचा. ऑफिसांत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये तो इतका झपाट्यानं पसरला, त्यात या सोयीचा मोठा हात आहे असं माझं ठाम मत आहे.

मराठीचं काय? युनिकोडमधली (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीतली) पानं ठीक दिसायची, अर्थात एक्सपीमध्ये कंट्रोल पॅनलमधून कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची, म्हणजे देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिप्यांची, खूण करून, सीडी घालून त्या फाइल्स आधी टाकलेल्या असतील तर. पण तेव्हा बरीच मराठी वृत्तपत्रं आपापल्या फॉन्टमध्ये होती. तो फॉन्ट पानाबरोबर आपोआप उतरायची सोय फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये, त्यामुळे क्रोममध्ये बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. फायरफॉक्समध्येही तेच. दोष ब्राउझरचा नव्हता, पण घरच्यांना ते कसं समजावणार? सकाळचा पेपर वाचायला इंटरनेट एक्स्प्लोररचं जुनंच निळं चिन्ह लागायचं. युनिकोडकडे वळायला आपल्या वृत्तपत्रांनी लावलेला वेळ मला आजही खुपतो. त्या काळातला कितीतरी मजकूर आज सर्चमध्ये सापडत नाही.

पहिल्या दोन दिवसांत परवान्यावरूनही वादळ उठलं. अकराव्या कलमात लिहिलं होतं की ब्राउझरमधून तुम्ही जे काही पाठवाल ते वापरायचा कायमचा हक्क गूगलला मिळेल. लोकांनी ओरड केल्यावर कंपनीनं ते लगेच बदललं आणि इतर सेवांच्या अटींतून ते तसंच उचललं गेलं होतं असा खुलासा केला. तेव्हापासून मी कुठलाही नवा ब्राउझर टाकताना अटी वाचतो.

इतकं आवडूनही मी लगेच बदललो नाही. ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या एक्स्टेन्शन्स, नव्हते. फायरबग या फायरफॉक्सच्या ॲड-ऑनशिवाय, ज्यात पानाचा कोड तपासता येतो, आमचं काम अडायचं. तसंच काम करणारं 'इन्स्पेक्ट एलिमेंट' क्रोममध्ये पहिल्यापासून होतं, पण तेव्हा त्याची फायरबगशी बरोबरी नव्हती. बँकेचं पान ॲक्टिव्हएक्स (फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालणारं मायक्रोसॉफ्टचं तंत्र) मागायचं, ते उघडायचंच नाही. एक्स्टेन्शन्सची सोय असलेली पक्की आवृत्ती जानेवारी २०१० मध्ये आली, त्यानंतर माझा मुख्य ब्राउझर क्रोम झाला.

'क्रोम रॅम खातो' ही आजची तक्रारही त्याच पहिल्या निर्णयाच्या पोटातून आली आहे. वेगळ्या प्रोसेसमुळे सुरुवातीला थोडी जास्त मेमरी लागेल, हे कॉमिकमध्ये सरळ कबूल केलं होतं. बदल्यात टॅब बंद केला की त्याची जागा पूर्ण मोकळी होईल, असा हिशोब होता. तो सौदा मला ५१२ एमबीच्या मशीनवरही मंजूर होता. आता पानंच अवाढव्य झाली आहेत. तुमचा संगणक जड झाला असेल तर विंडोजवर शिफ्ट आणि एस्केप आजही चालतं: मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावा आणि सगळ्यात वरचं नको असलेलं पान बंद करा.